सहा तरंगत्या टोपल्या

पाण्यावर तरंगणारी वस्तू बनवावी तर मीच! परवा-परवापर्यंत मी हे वाक्य दिवसातून दोनदा तरी म्हणायचो. हवा भरायच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं डिझायनर आहे. पोहायच्या रिंगा, हवेच्या गाद्या, पोरांच्या दंडाला बांधायचे फुगे, बदकं, मगरी आणि एक देवमासा. यातलं आजवर काहीही बुडालेलं नाही. बुडालो तो मी, आणि तीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे. हसू येईल तिथे खुशाल हसा. मलाही काही ठिकाणी येतं, आणि मग दिवसभर लाज वाटत राहते.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मला पोहता येत नाही. आंघोळीच्या बादलीहून मोठ्या पाण्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. ऑफिसात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण कोणी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही. आम्ही सगळे अगदी निष्ठेने पाण्यासाठी वस्तू बनवायचो आणि संध्याकाळी कोरडे ठणठणीत घरी जायचो.

तर यंदा साहेब म्हणाले, "काहीतरी नवीन पाहिजे. लोक नुसते तरंगून कंटाळलेत!"

मी तीन दिवसांत आराखडा ठेवला समोर. डबल बेडएवढी रुंद, गोल, निळी परात. तिच्यावर उभ्या सहा टोपल्या, प्रत्येक गुडघ्याएवढी उंच, प्रत्येकीच्या आत ठळक आकडा. कडेला धरायला चार मुठी. परात पाण्यात सोडायची, भोवती लोकांनी उभं राहायचं आणि मऊ बॉल टोपल्यांत टाकायचे. साहेबांनी आराखडा उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "बनवा!"

नमुना तयार झाल्यावर मीटिंगच्या खोलीत चाचणी घेतली. टेबल सरकवलं, गालिच्यावर परात पसरली, पंपाने हवा भरली. विक्रीवाले, गोदामवाले, रिसेप्शनवाली, सगळे बूट घालून भोवती उभे. धपाधप बॉल टोपल्यांत! साहेबांनी सलग चार टाकले. पाचवा चुकला, तेव्हा त्यांनी पंखा बंद करायला लावून तो पुन्हा टाकला. माझी छाती त्या परातीपेक्षा जास्त फुगली.

प्लास्टिकचे सांधे चिकटवायचं मशीन चालवणाऱ्या मावशी कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसून कुठे हवा गळते का ते बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मला इथून भोकंच दिसत नाहीत हो. नुसत्या भिंती दिसतायत."

"मावशी, उभ्या राहा, दिसतील!" मी म्हणालो. सगळे खो-खो हसले.

मावशी उभ्या राहिल्या, "हो, दिसली," म्हणाल्या आणि परत खाली बसल्या. एवढं शहाणपणाचं वाक्य त्या खोलीत वर्षभरात कोणी बोललं नसेल, आणि मी ते हसण्यावारी नेलं.

"आता फोटो!" साहेब म्हणाले. "खोक्यावर छापायला. पाण्यातली माणसं, हसरी, खरीखुरी. शुक्रवारपर्यंत!"

"साहेब, माणसं माझ्या घरातच आहेत!" मी म्हणालो. ही माझी चूक नंबर एक. पुढचे नंबर मी मोजले नाहीत.

घरातली माणसं म्हणजे माझी आई. सदुसष्ट वर्षांची. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितला म्हणून ती चार महिन्यांपूर्वी पोहण्याच्या तलावावर जायला लागली, पन्नाशीपुढच्या नवशिक्या बायकांच्या सकाळच्या वर्गात. पहिले तीन आठवडे ती नुसती पायरीवर बसून पाय भिजवून यायची. मग दोन्ही हातांनी कडेचा लोखंडी दांडा धरून उभी राहिली. मग एका हाताने. आणि त्या मागच्याच आठवड्यात तिने दोन्ही हात सोडले होते, दहा आकडे मोजेपर्यंत! त्या दिवशी घरी आल्यावर तिने चार जणांना फोन केले, आणि चौघांनाही दहापर्यंत मोजून दाखवलं.

पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला तिला अडुसष्ट पूर्ण होणार होती. कॅलेंडरवर त्या तारखेला तिने लाल पेनने गोल केला होता. "त्या दिवशी मी तलाव आडवा पार करणार," ती म्हणायची. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोणाचा हात न धरता!" आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. हेही तिने आमच्याकडे मागितलं नाही, कॅलेंडरकडे मागितलं.

मी खेळाचं सांगितल्यावर ती एकदम खूश. "आमच्या वर्गात? तू बनवलेला? अरे, बायका वेड्या होतील!"

बायको मात्र शांतपणे म्हणाली, "तू आधी एकदा स्वतः उतरून बघ ना. कमरेएवढ्या पाण्यात तरी."

"अगं, विमानाचा आराखडा काढणारा काय स्वतः पंख लावून उडतो?"

"नाही," ती म्हणाली, "पण विमानात बसतो."

मी विषय बदलला.

गुरुवारी सकाळी परात, पंप आणि सहा बॉल घेऊन मी तलावावर हजर. आठ बायका टोप्या घालून छातीएवढ्या पाण्यात ओळीने उभ्या होत्या. त्यांना शिकवणाऱ्या बाई अंगाने बारीक, पण गळ्यातली शिट्टी वाजली की अख्खा तलाव गप्प होत असे, म्हणून सगळ्या त्यांना शिट्टीबाईच म्हणत. त्यांनी परातीभोवती एक चक्कर मारली.

"याला दोरी बांधा आणि दुसरं टोक दांड्याला बांधा," त्या म्हणाल्या. "आणि ती भिंतीवरची लाल रेघ दिसतेय ना? तिच्या पलीकडे जमीन उतरत जाते. माझी एकही बाई तिच्या पलीकडे जाणार नाही."

"अहो, एकोणीस वर्षं याच धंद्यात आहे मी!" मी म्हणालो. दोरी बांधली. शिट्टीबाई पायरीवर अडून बसलेल्या एका नव्या बाईंना समजवायला दुसऱ्या टोकाला गेल्या. आईने परात पाण्यात ढकलली आणि अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं.

खेळ सुरू झाला! पहिला बॉल टोपलीच्या भिंतीवर आपटून परत. दुसरा परातीवरून पलीकडे. तिसरा एका बाईंच्या टोपीवर. चौथा थेट पायरीवर, शिट्टीबाईंच्या हजेरीच्या वहीवर.

"अहो, भोक कुठे आहे?" एका बाईंनी विचारलं.

"वरती! वरती!"

"वरती म्हणजे किती वरती?"

"थोडं डावीकडे टाका!"

"कोणाच्या डावीकडे? तुमच्या की आमच्या?"

"आमच्या! म्हणजे तुमच्या उजवीकडे! नाही, त्या बाईंच्या डावीकडे!"

मला काठावरून सहाच्या सहा भोकं स्वच्छ दिसत होती. या बायकांना झालंय तरी काय? चष्मे काढल्यामुळे असेल, असं मी मनात म्हणालो. मग बॉल उचलायला गुडघ्यावर बसलो, पाण्याकडे वाकलो, आणि माझं डोकं पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यांच्या पातळीला आलं. भोकं गायब! समोर नुसत्या सहा निळ्या भिंती! पाण्यात माणसाचं डोकंच तेवढं वर असतं, आणि मी अख्खा खेळ उभ्या माणसासाठी बनवला होता.

मला मावशींचं स्टूल आठवलं आणि कानशिलं तापली. त्याच क्षणी मी परात बाहेर ओढून, हवा सोडून घरी यायला हवं होतं. पण शुक्रवार उद्यावर आला होता. आणि मी विचार केला की फोटो तर वरूनच काढायचाय. वरून सगळं उत्तम दिसतंय!

तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा गं! माझ्या मुलाने बनवलंय, असं कसं होईल? मी वर होऊन बघते." तिने एका हाताने कडेचा दांडा धरला, दुसऱ्या हाताने परातीची मूठ धरली आणि छातीचा भार देऊन वर झाली. परात तिच्या बाजूला कलली. "दिसलं!" आई ओरडली. "अगं, सहाही दिसतायत! आत आकडेसुद्धा आहेत!"

काय चेहरा होता तिचा! अगदी खोक्यावर छापावा असा. मी फोन काढला. पण चौकटीत मधोमध ती दोरी, कपडे वाळत घालायला बांधल्यासारखी. आणि कोपऱ्यात गंजका दांडा. मी दोरी सोडली.

"आई, दांडा सोड! फोटोत येतोय!"

"सोडू?"

"सोड ना! मी आहे ना!"

तिने सोडला. लगेच. दांड्यावरचा हात सुटायला तिला चार महिने लागले होते, आणि माझ्या एका वाक्यावर तिने सोडला. "मी आहे ना" हे मी कोणत्या आधारावर म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. मी होतो, पण काठावर होतो.

आता तलावाच्या गाळणीतून स्वच्छ झालेलं पाणी एका बाजूच्या भोकांतून जोरात आत येतं आणि खोल बाजूकडे वाहतं. हे तिथल्या प्रत्येक नवशिक्या बाईला माहीत होतं. डिझायनरला माहीत नव्हतं. परात हलकी, वर हवेने भरलेली. निघाली की तुरुतुरु!

"अरे, पाय लागत नाहीत!" आई ओरडली.

"पाय नकोतच या खेळात! हाताने टाक!" मी ओरडलो आणि फोटो काढला. खटाखट तीन.

तिसऱ्या फोटोत मला दिसलं की भिंतीवरची लाल रेघ आईच्या पाठीमागे राहिलीय.

"बॉल मारा!" मी बायकांना ओरडून सांगितलं. "बॉल मारून अलीकडे आणा!" त्या बिचाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून जीव खाऊन बॉल मारले. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे नेम अचूक लागले आणि प्रत्येक बॉलसरशी परात आणखी हातभर पलीकडे गेली.

तरी सांगतो, तेव्हा आईचं डोकं ठिकाणावर होतं. घाबरली होती, पण दोन मुठी घट्ट धरून, शिकवल्याप्रमाणे फू-फू करत तोंडाने श्वास सोडत होती. लांब शिट्टी वाजली. "आजी, धरून राहा! आले मी!" शिट्टीबाई पाण्यात होत्या, झपाझप जवळ येत होत्या, चार-पाच हात मारले की पोचल्या असत्या. मला फक्त एकच काम होतं, उभं राहायचं. ते मला जमलं नाही. मी उडी मारली.

बूट, पट्टा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, सगळ्यासकट! फोन तेवढा काठावर ठेवला. कोणत्या गोष्टीची काळजी घ्यायची हे माणसाला ऐन वेळी बरोबर सुचतं.

खाली गेलो. डोळे उघडे होते. माझी परात मी पहिल्यांदाच खालून पाहिली. निळी, गोल, शांत. उत्तम तरंगत होती. मग नाकात पाणी गेलं आणि मी हातपाय झाडायला लागलो. शिट्टीबाईंना आईला सोडून माझ्याकडे वळावं लागलं. त्या जवळ आल्याबरोबर मी त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि त्यांनाही खाली घेऊन गेलो.

वर आलो तेव्हा आईचा आवाज ऐकला. "अगं बाई, त्याला येत नाही! त्याला पोहता येत नाही गं!" आठ बायकांना माझं गुपित कळलं ते असं.

आणि मग आईने मुठी सोडल्या.

परातीवरून सुटून ती माझ्याकडे निघाली. मला धरायला! दोन-तीन हात मारले असतील तिने, शिकली होती तेवढे. मग टोपी खाली गेली. शिट्टीबाईंनी मला कॉलरला धरून भिंतीवर अक्षरशः फेकलं आणि आईमागे बुडी मारली. सगळं मिळून अर्धं मिनिटही झालं नसेल. मी भिंतीला चिकटून ते सगळं पाहिलं. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला विनोद करता येत नाही. बरेचदा प्रयत्न केला.

आई वर आली, खोकली, थरथर कापत काठावर बसली. सगळ्या बायका तिच्याभोवती. तिचं पहिलं वाक्य होतं, "त्याला टॉवेल द्या आधी." दुसरं होतं, "खेळ छान आहे हो. मीच वेडी, हात सोडला."

शिट्टीबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही उडी का मारलीत?"

"आईला वाचवायला."

"कसं?" त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, खरंच माहिती हवी असल्यासारखं. बुटातून पाणी तेवढं पचपच वाजत होतं.

शुक्रवारी साहेबांनी फोनमधले फोटो पाहिले आणि टाळी वाजवली. "वा! काय हसतायत आजी! हाच खोक्यावर!"

"साहेब, ती हसत नाहीये. ती ओरडतेय."

"असू दे हो, दात दिसतायत ना!"

एकोणीस वर्षांत मी साहेबांना कधी नाही म्हणालो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो. फोटो पुसले आणि सगळं सांगून टाकलं. भोकं, दोरी, दांडा, उडी. ऐकता ऐकता साहेबांचं तोंड उतरलं. त्यांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, "इथे पोहता कोणाला येतं?"

विक्रीवाले गालिच्याकडे बघतायत, गोदामवाले छताकडे. शेवटी कोपऱ्यातून मावशींचा हात वर आला.

"मला येतं की. लहानपणापासून."

"मग सांगितलं का नाहीत?" साहेब म्हणाले.

"कोणी विचारलं?" मावशी म्हणाल्या आणि मशीनकडे गेल्या. आता टोपल्या आडव्या झाल्यात, तोंडं बाहेरच्या बाजूला. मावशींनी स्वतः पाण्यात उतरून पसंत केल्यात. खेळ चांगला चालेल म्हणतात.

पण आई तलावावर जायची थांबली. सोमवारी म्हणाली, गुडघा दुखतोय. मंगळवारी पाणी गार असेल. बुधवारी तिने कपाटं आवरायला काढली. मी काही म्हणालो की, "अरे, जाईन ना, काय घाई आहे?" एकोणीस तारीख आली. बायकोने केक आणला, आईने सगळ्यांना सारखे तुकडे कापून दिले. कॅलेंडरकडे कोणी पाहिलं नाही. पुढच्या महिन्याचं पान तिने चार दिवस आधीच उलटून ठेवलं होतं.

शेवटी पोहण्याच्या वर्गात मीच नाव घातलं. म्हटलं, मी शिकतो, म्हणजे तीही येईल. शिट्टीबाईंनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे केला. आता रोज सकाळी चव्वेचाळीस वर्षांचा मी पाच-सहा वर्षांच्या पोरांबरोबर दांडा धरून पाय झाडतो. पोरं माझ्या पुढे गेलीत. महिन्याभरात मी पायरीवरून दांड्यापर्यंत आलोय.

आई येते सोबत. "उद्या उतरेन," म्हणते. रोज म्हणते. आणि काठावरच्या बाकावर बसते, माझे कपडे मांडीवर घेऊन.

काल मी दांड्यापाशी दम खात होतो. म्हणालो, "आई, मागे खुंट्या आहेत ना. टांगून ठेव कपडे. मांडीवर कशाला घेऊन बसतेस?"

"असू दे रे, मला सवय आहे," ती म्हणाली. "तुझे मामा पोहायला जायचे ना, तेव्हा तिघांचे कपडे मीच सांभाळायची. काठावर बसून. मला कुठे उतरू द्यायचे!" आणि तिने माझ्या शर्टाची घडी मोडून पुन्हा नीट घातली.

चव्वेचाळीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, आणि नेमका त्याच वेळी हात दांड्यावरून निसटला. घोटभर पाणी सरळ घशात! कर्कश शिट्टी वाजली.

"काका, पाण्यात तोंड बंद ठेवायचं असतं!"

ठेवलं. खोकत, डोळे पुसत वर पाहिलं, तर आई कपडे कडेवर घेऊन काठाजवळ येऊन उभी होती. पाण्यापासून दोन पावलं मागे.